कॅन्सर कुठून आला, हे सैनिकाने कसं सिद्ध करायचं?

बगदादच्या उत्तरेला बलाद इथे अमेरिकी सैन्याचा मोठा तळ होता. हजारो माणसं तिथे राहायची, त्यामुळे कचराही तेवढाच निघायचा. तो सगळा एका अवाढव्य खड्ड्यात टाकून जाळला जायचा. प्लास्टिक, टायर, बॅटऱ्या, रंगाचे डबे, दवाखान्यातला कचरा, काहीही वेगळं न काढता. पेट घ्यावा म्हणून वरून विमानाचं इंधन ओतायचे. धूर सैनिकांच्या राहुट्यांवर यायचा आणि त्यातच जेवण, झोप, कवायत चालायची. इराक आणि अफगाणिस्तानातल्या अनेक तळांवर असे खड्डे होते. सैनिक त्यांना ‘बर्न पिट’ म्हणायचे.

समजा, अशा तळावर वर्षभर राहिलेल्या एका सैनिकाला घरी परतल्यावर दहा वर्षांनी फुप्फुसाचा कॅन्सर झाला. तो त्या धुरामुळेच झाला का? बायोप्सीत कॅन्सरचा प्रकार कळतो, तो किती पसरलाय हे स्कॅनमध्ये दिसतं. पण ही गाठ बलादच्या धुरातून आली की शहरातल्या हवेतून, की काहीच कारण नसताना, हे एका माणसाच्या शरीराकडे पाहून छातीठोकपणे सांगणं बहुतेक कॅन्सरच्या बाबतीत कुठल्याही डॉक्टरला जमत नाही. वैद्यकशास्त्र बोलतं ते समूहाबद्दल: अमुक रसायनाच्या संपर्कात आलेल्या लोकांमध्ये अमुक कॅन्सर जास्त दिसतो.

भरपाईचा अर्ज मात्र एका माणसाचा असतो. त्यामुळे त्या टेबलावर खरा प्रश्न उरतो तो असा, की जी शंका कधीच फिटणार नाही ती कुणाच्या पदरात टाकायची, सैनिकाच्या की सरकारच्या? अमेरिकेतले या विषयावरचे कायदे, याद्या आणि अनेक दशकांची भांडणं याच प्रश्नाभोवती फिरतात.

तिथे माजी सैनिकांचं सगळं काम व्हेटरन्स अफेअर्स हे खातं पाहतं. बोलताना सगळे त्याला व्हीए म्हणतात. सेवेत झालेल्या दुखापतीसाठी किंवा आजारासाठी व्हीए दरमहा करमुक्त रक्कम देतं. त्यासाठी साधारणपणे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. आज आजार आहे, सेवेत असताना काहीतरी घडलं होतं, आणि या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे. गुडघ्याचं दुखणं असेल तर हे सोपं जातं. सरावात पडला, लष्करी दवाखान्यात नोंद झाली, आणि तोच गुडघा आज वाकत नाही. कॅन्सरमध्ये पहिली गोष्ट बायोप्सीने मिटते, दुसरी कशीबशी मिटते आणि तिसरीपाशी गाडं अडतं. मध्ये वीस-तीस वर्षं गेलेली असतात. तेवढ्या काळात त्या माणसाने कारखान्यात काम केलेलं असतं, सिगारेट ओढलेली असते, त्याचं वयही झालेलं असतं. यातलं प्रत्येक कारण नकाराच्या पत्रात लिहिता येतं.

अमेरिकी कायद्यात एक चांगलं तत्त्व पूर्वीपासून आहे. दोन्ही बाजूंचा पुरावा साधारण सारख्या वजनाचा असेल, तर निकाल सैनिकाच्या बाजूने द्यायचा. क्रिकेटमध्ये शंकेचा फायदा फलंदाजाला मिळतो, तसाच. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात ‘हा आजार सेवेमुळे झाला असण्याची शक्यता निदान निम्मी तरी आहे’ असं लिहिलेलं असलं आणि त्यामागचं कारण समजावून सांगितलेलं असलं, की ते पुरतं. नुसतं ‘सेवेमुळे झाला असू शकेल’ असं लिहिलं तर त्या पत्राला फारसं वजन राहत नाही. कुठल्या पदार्थाशी किती काळ संपर्क आला, त्या पदार्थाबद्दल अभ्यास काय सांगतात, या रुग्णात दुसरी कारणं कमी संभवनीय का वाटतात, हे डॉक्टरांनी मांडायला हवं. चांगला कॅन्सरतज्ज्ञ उपचारात निष्णात असतो, पण अशी पत्रं लिहायची सवय त्याला असतेच असं नाही. तेव्हा त्याला नेमकं काय हवंय ते सांगावं लागतं.

तत्त्व चांगलं असलं तरी व्यवहारात ते सैनिकापर्यंत पोचत नव्हतं. बर्न पिटच्या धुरावरून आलेल्या अर्जांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश अर्ज व्हीएने अनेक वर्षं नाकारले. केमोथेरपी घेणाऱ्या माणसाला ‘कुठल्या दिवशी, कुठल्या खड्ड्यातून, कुठलं रसायन तुमच्या फुप्फुसात गेलं ते दाखवा’ असं विचारण्यासारखंच होतं हे. धुराच्या नोंदी ठेवायचं काम त्याचं नव्हतंच. ज्यांचं होतं त्यांनी त्या पुरेशा ठेवल्या नाहीत आणि भुर्दंड त्याला बसला. मला यातला अन्याय अगदी सरळ दिसतो: पुरावा ज्याच्या ताब्यात असायला हवा होता, तोच दुसऱ्याकडे पुरावा मागत होता.

यावर तोडगा म्हणजे तिसरी अट कायद्यानेच भागवून टाकायची. अमुक काळात अमुक ठिकाणी सेवा केली आणि पुढे अमुक आजार झाला, तर तो सेवेमुळेच झाला असं गृहीत धरायचं. सैनिकाने फक्त जागा, काळ आणि निदान दाखवायचं. कॅन्सरच्या अर्जाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही. आपला आजार आणि आपली नेमणूक कुठल्या यादीत बसते, हे सगळ्यात आधी पाहायचं. बसत असेल तर डॉक्टरांच्या लांबलचक पत्राची गरजच पडत नाही.

हा तोडगा मोठ्या प्रमाणावर आला तो व्हिएतनाम युद्धातून. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेने तिथल्या जंगलांवर आणि शेतांवर तणनाशकं फवारली. त्यातलं सगळ्यात बदनाम झालेलं एजंट ऑरेंज, आणि त्यात मिसळलेलं विष म्हणजे डायॉक्सिन. परतलेल्या सैनिकांना कॅन्सर होऊ लागले, अर्ज आले, नकार गेले. शेवटी १९९१ मध्ये एजंट ऑरेंज कायदा झाला आणि गृहीत धरण्याची पद्धत पक्की झाली. तरीही आजार यादीत एकेक करून येत राहिले. प्रोस्टेटचा कॅन्सर १९९६ मध्ये आला. मूत्राशयाचा कॅन्सर यायला २०२१ उजाडलं, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर पन्नास वर्षं. तोवर कितीतरी अर्जदार जग सोडून गेले होते. त्याच फवाऱ्याखाली राहिलेल्या व्हिएतनामी गावकऱ्यांना तर भरपाईचा हा कायदा लागूच होत नाही, आणि या विषयावर लिहिताना ते विसरता येत नाही.

दुसरं प्रकरण घरातलंच आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प लजून या मरीन सैनिकांच्या तळावर विहिरींच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन आणि बेंझीनसारखी रसायनं उतरली होती. सैनिक तेच पाणी प्यायचे, त्यांची मुलं त्याच पाण्याने आंघोळ करायची. १ ऑगस्ट १९५३ ते ३१ डिसेंबर १९८७ या काळात तिथे एकूण ३० दिवस राहिलेल्या सैनिकाला पुढे मूत्रपिंडाचा, यकृताचा किंवा मूत्राशयाचा कॅन्सर, प्रौढ वयातला रक्ताचा कॅन्सर, मल्टिपल मायलोमा (हाडांच्या मगजातला कॅन्सर) किंवा नॉन-हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) झाला, तर तो सेवेमुळे झाला असं मानलं जातं. हा नियम २०१७ चा आहे.

तिसरा आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे १० ऑगस्ट २०२२ रोजी सही झालेला पॅक्ट कायदा. त्याला ओहायो नॅशनल गार्डमधल्या हीथ रॉबिन्सन या सार्जंटचं नाव दिलेलं आहे. इराकमध्ये सेवा करून आलेला हा माणूस २०२० मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला. त्याची पत्नी डॅनियल आणि सासूबाई सुसान झायर यांनी ही लढाई पुढे नेली. सासूबाई जावयाचं लष्करी जॅकेट अंगावर घालून खासदारांच्या दारात उभ्या राहायच्या. जुलै २०२२ च्या अखेरीस सिनेटमध्ये विधेयक अडकलं, तेव्हा माजी सैनिक आणि त्यांची कुटुंबं संसदेच्या पायऱ्यांवर मुक्कामाला बसली. २ ऑगस्टला ते ८६ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झालं.

या कायद्यानंतरची बर्न पिटची यादी बरीच रुंद आहे. मेंदू, डोकं आणि मान, श्वसनमार्ग, मूत्रपिंड, स्वादुपिंड, जननेंद्रियं, अन्ननलिकेपासून मोठ्या आतड्यापर्यंतचा पचनमार्ग यांचे कॅन्सर, कुठल्याही प्रकारचा लिम्फोमा आणि त्वचेचा मेलॅनोमा त्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये व्हीएने रक्ताचे कॅन्सर, मल्टिपल मायलोमा, तसंच मूत्राशय आणि मूत्रवाहिनीचे कॅन्सरही जोडले. २ ऑगस्ट १९९० पासून पुढे इराक, कुवेत, सौदी अरेबियासारख्या देशांत आणि ११ सप्टेंबर २००१ पासून पुढे अफगाणिस्तान, सीरिया, जॉर्डन, येमेन यांसारख्या देशांत सेवा केलेल्यांना ती लागू होते. खड्ड्याच्या अगदी शेजारी उभं होतो हे दाखवावं लागत नाही.

आता काही बारकावे. अर्ज फसतो तो इथेच.

यादी मूळ कॅन्सरच्या जागेवर चालते. मेंदूत गाठ सापडली, पण ती दुसऱ्या अवयवातून पसरून आलेली असेल, तर अर्जात तो मेंदूचा कॅन्सर धरला जात नाही, मूळ अवयवाचा धरला जातो. पॅथॉलॉजीच्या अहवालात मूळ जागा स्पष्ट लिहिलेली आहे ना, हे पाहणं म्हणून महत्त्वाचं.

सिगारेट ओढणारे खूपदा अर्जच करत नाहीत. ‘माझीच चूक, मी कुठल्या तोंडाने मागू?’ असं त्यांना वाटतं. सैन्यात असताना तंबाखूचं व्यसन लागलं म्हणून आजार झाला, असा दावा १९९८ पासून करता येत नाही, हे खरं. पण फुप्फुसाचा कॅन्सर यादीत असेल आणि नेमणूक त्या जागी असेल, तर गृहीत धरण्याचा नियम धूम्रपान करणाऱ्यालाही मिळतो. हे गैरसमजातून सोडून दिलेलं हक्काचं पैशाचं दार आहे, आणि ते घरच्यांनी उघडायला लावावं.

नेमणुकीचा पुरावा ही जुन्या लोकांची अडचण. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या नोंदणी केंद्राला आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून जास्त सेवापुस्तकं जळाली. त्यात बहुतेक १९१२ ते १९६० दरम्यान सुटलेले लष्करी सैनिक आणि १९४७ ते १९६४ मधले हवाई दलातले लोक होते. अशा वेळी पदकांचे कागद, घरी पाठवलेली पत्रं, तारीख असलेले फोटो आणि बरोबरच्या सैनिकांची लेखी निवेदनं चालतात. सोबत्याने ‘हा माझ्याबरोबर अमुक ठिकाणी होता’ असं सहीनिशी लिहून देणं हा रीतसर पुरावा मानला जातो.

आजार यादीत नसेल तर दार बंद होत नाही. मग तीनही गोष्टी सिद्ध करायच्या जुन्या वाटेने जावं लागतं, आणि तिथे डॉक्टरांचं ते सकारण पत्र कामी येतं.

मंजुरी मिळाल्यावर टक्केवारी ठरते. कॅन्सर सक्रिय असताना, म्हणजे उपचार चालू असताना, बहुतेक प्रकारांत अपंगत्व १०० टक्के धरलं जातं. त्वचेच्या काही कॅन्सरना वेगळे निकष आहेत. २०२५ मध्ये १०० टक्क्यांसाठी एकट्या माणसाला दरमहा सुमारे ३,८३१ डॉलर मिळत होते, पती-पत्नी आणि मुलं अवलंबून असतील तर जास्त. शस्त्रक्रिया, केमो किंवा रेडिएशन संपलं की सहा महिन्यांनी सक्तीची तपासणी होते. कॅन्सर परतला नसेल तर पुढची टक्केवारी मागे राहिलेल्या त्रासावर ठरते.

या टप्प्यावर अनेक कुटुंबं गडबडतात. माणूस वाचला म्हणून सगळे आनंदात असतात आणि तपासणीला जाताना तो डॉक्टरांना ‘आता मी ठीक आहे’ असं सांगून मोकळा होतो. प्रोस्टेट काढल्यानंतर लघवीवर ताबा राहत नाही, दिवसातून कितीदा पॅड बदलावा लागतो, रात्री कितीदा उठावं लागतं, यावर टक्के ठरतात. संकोचाने ते सांगितलंच नाही, तर कागदावर ते घडलेलंच नसतं. केमोमुळे बधिर झालेली बोटं, रेडिएशननंतर बिघडलेलं पोट, कायमचा थकवा, नैराश्य, सगळं सांगायचं. रक्कम कमी करायची असेल तर व्हीएला आधी पत्र पाठवावं लागतं आणि उत्तरादाखल पुरावा द्यायला ६० दिवस मिळतात. ते पत्र आल्यावर रडत बसण्यात वेळ घालवू नये.

तारखेचं महत्त्वही तेवढंच. पैसे साधारणपणे अर्ज पोचल्याच्या तारखेपासून मोजले जातात. म्हणून निदान झाल्याबरोबर ‘अर्ज करण्याचा इरादा आहे’ एवढं कळवणारा छोटा फॉर्म भरून ठेवायचा. त्यानंतर पूर्ण अर्ज द्यायला एक वर्ष मिळतं आणि पहिली तारीख टिकून राहते. आजार जिवावर बेतलेला असेल तर अर्ज अग्रक्रमाने घ्यायची विनंती करता येते. मदतीला अमेरिकन लीजन, डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स यांसारख्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी असतात आणि ते एक पैसाही घेत नाहीत. पहिल्या अर्जासाठी कुणालाही फी घ्यायची परवानगी नाही. कुणी मागत असेल तर तिथून उठावं.

नकार आला तर एका वर्षाच्या आत तीन वाटा असतात. नवा पुरावा असेल तर पूरक अर्ज, जुन्याच कागदांकडे वरिष्ठ अधिकाऱ्याने पुन्हा पाहावं अशी मागणी, किंवा थेट अपील मंडळ. पॅक्ट कायद्याआधी नाकारलेला अर्ज आता यादीत बसत असेल, तर पूरक अर्जाने तो पुन्हा उघडता येतो.

आणि माणूस गेला तर? कॅन्सर सेवेमुळे झाला असं मान्य होत असेल, तर पत्नीला किंवा पतीला दरमहा वेगळी रक्कम मिळते. २०२५ मध्ये ती मूळ १,६५३ डॉलर होती. अर्ज प्रलंबित असताना मृत्यू झाला असेल, तर वर्षाच्या आत जोडीदाराला त्याच्या जागी उभं राहून तो अर्ज पुढे नेता येतो. मृत्यूच्या दाखल्यात नुसतं ‘हृदय बंद पडलं’ असं लिहिलं गेलं तर पुढे फार त्रास होतो. कॅन्सरचा उल्लेख त्यात असायला हवा.

हे वाचताना सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या माणसाला आपल्याकडचं काय, हे विचारावंसं वाटणारच. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरटी फौजी आहेत आणि हाच प्रश्न तिथेही आहे. भारतीय सैन्यात निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ बसतं आणि आजार सेवेमुळे झाला का, सेवेने वाढला का, की दोन्ही नाही, हे ठरवतं. पहिल्या दोन्हींपैकी काही मान्य झालं आणि अपंगत्व निदान २० टक्के असलं, तर अपंगत्व पेन्शन मिळतं. १०० टक्क्यांसाठी अपंगत्वाचा भाग शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्याच प्रमाणात खाली. अपंगत्व २० टक्के असलं तरी ते ५० टक्के धरण्याची सवलत नियत वयाने निवृत्त झालेल्यांनाही मिळायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालात स्पष्ट केलं.

शंका कुणाच्या पदरात, याचं उत्तर आपल्या १९८२ च्या नियमांत सैनिकाच्या बाजूने होतं. भरती होताना आजाराची नोंद नसेल तर तो निरोगी होता असं धरायचं, त्याच्याकडे पुरावा मागायचा नाही, वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यायचा. २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं आणि मंडळाने उलट मत दिलं तर कारणं लिहिलीच पाहिजेत असंही बजावलं. ते प्रकरण फिट्सचं होतं. कॅन्सर मात्र त्याच नियमांच्या परिशिष्टात ‘सेवेचा सहसा परिणाम न होणारे आजार’ या गटात टाकलेला होता. अपवाद होता तो सेवेत मार लागलेल्या जागीच उद्भवलेल्या हाडाच्या सार्कोमाचा, म्हणजे हाडाच्या एका कॅन्सरचा. पुढे २००८ आणि २०२३ मध्ये नियम नव्याने आले, आणि आपल्याला कुठले लागू होतात हे कोणत्या वर्षी सेवेतून बाहेर पडलो यावर अवलंबून असतं. जागा आणि काळ पाहून कॅन्सर मान्य करणारी अमेरिकेसारखी यादी आपल्याकडे नाही, आणि ती असायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर कागदांवरच लढावं लागतं. क्ष-किरण, रडार, इंधन किंवा रसायनांच्या कामावर होतो, याच्या नेमणुकीच्या नोंदी जपून ठेवाव्यात. दुर्गम ठाण्यावर असल्याने तपासणी किंवा उपचार लांबले असतील, तर आजार सेवेने वाढला हा मुद्दा उभा राहतो. त्यासाठी पहिल्यांदा तक्रार कधी केली आणि मोठ्या रुग्णालयात कधी पाठवलं, या दोन तारखा लागतात. निवृत्तीनंतर आजार उघड झाला असेल, तर त्याची सुरुवात सेवेतल्या परिस्थितीने झाली आणि तो उशिरा दिसला, हे डॉक्टरांकडून कारणांसह लिहून घ्यावं. मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मागून घ्यावी आणि मताच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचावं. तिथे ‘सेवेशी संबंध नाही’ एवढीच एक ओळ असेल आणि कारण नसेल, तर अपिलातला पहिला मुद्दा तोच. पहिलं अपील सहा महिन्यांत, मग दुसरं, आणि तिथेही नकार आला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई पीठ. अर्ज कसा लिहायचा हे विचारायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाता येतं.